सिरियल किलरची गोष्ट लिहिताय? मग या चुका टाळा

रहस्यकथा असो, ऑडिओ सिरीज असो नाहीतर शॉर्ट फिल्मची स्क्रिप्ट, आजकाल ज्याच्या त्याच्या गोष्टीत एक सिरियल किलर असतोच आणि गंमत म्हणजे सगळ्यांच्या गोष्टीत तो एकच माणूस असतो. शांत, देखणा, घरात भिंतभर पुस्तकं, रात्री शास्त्रीय संगीत ऐकणार, प्रेताशेजारी संस्कृत श्लोकाची चिठ्ठी ठेवणार, आणि पोलीस जिथे पोचतील तिथून हा पठ्ठ्या अर्ध्या तासापूर्वीच निघालेला. पहिली दोन प्रकरणं बरं वाटतं, मग वाचणाऱ्याला कळतं की हे पात्र कुठल्यातरी सिरीजमधून उचललंय. त्यापेक्षा खऱ्या केसेसचे निकाल वाचा, तपास अधिकाऱ्यांच्या आठवणी वाचा, चौकशी समित्यांचे रिपोर्ट वाचा. कंटाळवाणं असतं थोडं, मान्य आहे, पण त्यात जे सापडतं ते घरी बसून कुणालाच सुचलं नसतं.

व्हिलन फार हुशार झालाय

सगळ्यात कॉमन चूक ही. लेखकाला वाटतं इतके खून करून जो सापडत नाही तो बुद्धीने अफाटच असणार. अमेरिकेतला गॅरी रिजवे बघा, ग्रीन रिव्हर किलर म्हणतात तो, 49 खुनांची शिक्षा झाली त्याला. काम काय करायचा, तर ट्रकच्या कारखान्यात रंग मारायचा. शाळेत नापास होत होत वर्षं मागे पडलेला माणूस. 1984 साली संशयावरून त्याची लाय डिटेक्टर टेस्ट झाली आणि त्यात तो चक्क पास झाला. सापडला 2001 मध्ये, तेही 1987 ला पोलिसांनी घेऊन ठेवलेल्या त्याच्या लाळेच्या नमुन्यावरून, कारण मधल्या काळात डीएनएचं तंत्र पुढे गेलं.

आणि ज्याच्या हुशारीचा सगळ्यात जास्त गवगवा झाला त्या टेड बंडीचं, हाही अमेरिकेतलाच सिरियल किलर, लॉचं शिक्षण अर्धवट राहिलेलं, कोर्टात स्वतःची केस स्वतः लढवायची हौस होती, ती भागवली आणि हरला.

माझा लाडका किस्सा मात्र डेनिस रेडरचा. कॅन्ससमधलं विचिटा शहर, 1974 ते 1991 मध्ये दहा खून, मग गप्प. 2004 मध्ये याला परत प्रसिद्धीची खाज सुटली आणि पोलिसांना, टीव्हीवाल्यांना पत्रं पाठवायला लागला. एका पत्रात त्याने पोलिसांनाच विचारलं की मी फ्लॉपीवर मजकूर पाठवला तर तुम्हाला माझा माग काढता येईल का, खरं खरं सांगा. पोलिसांनी पेपरात छोटी जाहिरात देऊन कळवलं, काही प्रॉब्लेम नाही, पाठव. आणि त्याने पाठवली! त्या फ्लॉपीवर डिलीट केलेल्या फाइलची माहिती शिल्लक होती, तिच्यात चर्चचं नाव आणि ‘डेनिस’ असं नाव. पोलिसांनी चर्चचं नाव इंटरनेटवर शोधलं तर मंडळाचा अध्यक्षच डेनिस रेडर. फेब्रुवारी 2005 ला आत. आता हे तुम्ही कथेत लिहिलं असतं तर ज्याने वाचलं असतं तो म्हणाला असता, काय बावळट दाखवलाय.

तर उपाय सोपा आहे, बुद्धी कमी करा आणि नोकरी द्या. रेडर एका छोट्या गावात महापालिकेच्या नियमांवर देखरेख करणारा कर्मचारी होता, कुणाचं गवत वाढलंय, कुणाचा कुत्रा मोकाट आहे ते बघत फिरायचा. असा एक तपशील शंभर श्लोकांच्या चिठ्ठ्यांवर भारी पडतो.

मग तो सापडत का नाही?

हा प्रश्न तुमच्या स्क्रिप्टमध्ये अडला असेल तर खुन्याकडे बघणं सोडा, मेलेल्यांकडे बघा. ते कोण होते, त्यांना शोधत कोण होतं, आणि शोधणाऱ्याचं ऐकणारं कोणी होतं का. माझ्या मते सगळी गोष्ट इथे आहे आणि नव्वद टक्के लेखक हा भाग झटपट दृश्यांच्या एका माँटाजमध्ये उडवतात.

कर्नाटकातली सायनाइड मोहनची केस घ्या. प्राथमिक शाळेत शिक्षक होता हा. मंगळूरच्या आसपासच्या खेड्यांतल्या गरीब घरच्या, लग्नाचं वय उलटत चाललेल्या, हुंडा परवडत नाही म्हणून लग्न अडलेल्या मुली हेरायचा आणि हुंड्याशिवाय लग्न करतो म्हणून सांगायचा. मग म्हैसूर, हसन, मडिकेरी अशा कुठल्यातरी शहरात लॉजवर नेणार, खोटं नाव लिहिणार, दुसऱ्या दिवशी सकाळी दागिने खोलीवरच ठेवायला लावून बसस्टँडवर आणणार आणि एक गोळी देणार, गर्भ राहू नये म्हणून घे, मळमळेल थोडं, म्हणून बाथरूममध्ये जाऊन घे. गोळीत सायनाइड. पोरगी आतून कडी लावून गोळी घ्यायची आणि तिथेच मरायची. आता पोलिसांच्या बाजूने बघा, अनोळखी बाई, सार्वजनिक संडासात मेलेली, दार आतून बंद, अंगावर जखम नाही, म्हणजे आत्महत्या किंवा अकस्मात मृत्यू म्हणून नोंद करायची आणि फाइल बंद. प्रत्येक वेळी स्टँड वेगळा, जिल्हा वेगळा, पोलीस स्टेशन वेगळं. तिकडे गावात घरच्यांना वाटतंय पोरगी पळून गेली, बदनामी नको म्हणून कित्येकजण तक्रारही देईनात. पुढे 20 बायकांच्या खुनाचे खटले त्याच्यावर चालले. 2009 मध्ये एका बेपत्ता मुलीवरून गावात मोठा गोंधळ झाला, लोक पोलिसांवर धावून गेले, तेव्हा कुठे मोबाईलचे कॉल तपासायला सुरुवात झाली आणि एका बेपत्ता मुलीच्या नंबरावरून दुसरीचा, दुसरीवरून तिसरीचा धागा लागत गेला.

त्याच वर्षी गोव्यात महानंद नाईक पकडला गेला, शिरोड्याचा. पद्धत जवळजवळ तीच, लग्नाचं आमिष, अंगावर दागिने घालून ये म्हणून सांगायचं, आणि तिच्याच दुपट्ट्याने गळा. 1994 पासूनच्या 16 खुनांचा आरोप होता. पंधरा वर्षं! गोव्याएवढ्या छोट्या राज्यात, आणि तेही बहुतेक एका फोंडा तालुक्याच्या आसपास.

यात कुठे आलं खुनी आणि पोलिसांमधलं हुशारीचं बुद्धिबळ? बेपत्ता झालेल्या बाईच्या घरचे गप्प आणि ठाण्यातल्या मिसिंगच्या रजिस्टरमध्ये फारतर एक ओळ, एवढ्या भांडवलावर ही माणसं वर्षानुवर्षं चालली. रामन राघवने मुंबईत 1965-66 ला पूर्व उपनगरात आणि परत 1968 ला उत्तरेकडे जे मारले ते फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेले लोक होते, त्यात पहिल्या खेपेला तो संशयित म्हणून हातात येऊनही पुराव्याअभावी सुटला होता. इंग्लंडमधल्या पीटर सटक्लिफला तर पोलिसांनी वेगवेगळ्या वेळी नऊ वेळा विचारपूस करून सोडलं, कारण मेलेल्यांपैकी बऱ्याच जणी वेश्या म्हणून सुरुवातीला फारसं मनावर घेतलं नाही, आणि पुढे कुणीतरी मीच खुनी म्हणून टवाळकीने पाठवलेली कॅसेट खरी मानून त्या कॅसेटच्या बोलीचा माणूस शोधत बसले.

म्हणून स्क्रिप्टचा मधला भाग ओढल्यासारखा वाटत असेल तर पाचवा खून घालू नका, त्याने काही होत नाही. त्याऐवजी पोलीस स्टेशनच्या बाकावर बसलेला बाप दाखवा, ज्याला ठाणे अंमलदार सांगतोय की येईल हो दोन दिवसांत, मैत्रिणीकडे विचारलंत का.

क्लायमॅक्सला पाठलाग

खरा शेवट कित्येकदा ट्रॅफिकवाला नाहीतर एखादा कागद करतो, हसू नका. सटक्लिफ जानेवारी 1981 मध्ये शेफिल्डला सापडला तो गाडीला खोटी नंबरप्लेट लावली म्हणून. बंडी 1975 मध्येही आणि 1978 मध्येही रस्त्यावर गाडी अडवल्यामुळेच सापडला. न्यूयॉर्कचा ‘सन ऑफ सॅम’ फायर हायड्रंटजवळ, म्हणजे आगीच्या बंबासाठी रस्त्यावर ठेवलेल्या नळाजवळ, गाडी लावल्याच्या पार्किंगच्या पावतीवरून. ब्रिटनचा डॉक्टर हॅरोल्ड शिपमन, 15 खुनांत दोषी आणि चौकशी आयोगाच्या हिशेबाने 215 पेशंट मारलेला, तो एका म्हाताऱ्या बाईच्या नावाने टाइप केलेल्या खोट्या मृत्युपत्रामुळे अडकला, कारण तिची मुलगी स्वतः वकील होती आणि आईची कागदपत्रं तीच बघायची. आईने सगळी इस्टेट डॉक्टरला दिली हे तिला पटेचना.

असा शेवट फुसका वाटेल अशी भीती असते लेखकांना. पण वाचकाला तो आधीपासून दिसत असेल, म्हणजे तिसऱ्या प्रकरणातच ती प्लेट, ती पावती सहज येऊन गेली असेल, तर फुसका वाटत नाही.

चौकशीच्या खोलीतला कबुलीजबाब

इन्स्पेक्टर टेबलावर हात आपटतो, खुनी हसतो, मग दहा मिनिटं भाषण करून सगळं कबूल करतो आणि पडदा. अहो, पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आपल्याकडे कोर्टात आरोपीविरुद्ध चालतच नाही. जुन्या पुरावा कायद्याचं कलम 25, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 23. त्यातून चालतो तो एवढाच भाग, की आरोपीने सांगितल्यामुळे काही नवीन वस्तू सापडली, म्हणजे हत्यार कुठे पुरलंय ते त्याने सांगितलं आणि पंचांसमोर काढून दिलं. म्हणून आपल्याकडच्या केसमध्ये मेमोरंडम पंचनामा (आरोपीने सांगितलेलं पंचांसमोर लिहून घेतात तो), पंच फुटणं, माफीचा साक्षीदार (गुन्ह्यातलाच पण माफी घेऊन साक्ष देणारा) या गोष्टींना इतकी किंमत. तुमच्या गोष्टीत पंच म्हणून कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला आणलात आणि तो कोर्टात उलटला, तर तिथे जो ताण येईल तो भाषणात येणार नाही.

आणि कबुली द्यायचीच असेल तर रामन राघवसारखी द्या. ऑगस्ट 1968 मध्ये सब-इन्स्पेक्टर अॅलेक्स फियालो यांनी वर्णनावरून त्याला रस्त्यात ओळखून धरलं, तपास रमाकांत कुलकर्णींच्या हाताखाली चालला होता. हा काही केल्या तोंड उघडेना. शेवटी कुणीतरी विचारलं तुला हवंय तरी काय, तर म्हणे चिकन. पोटभर चिकन खाऊन झाल्यावर डोक्याला लावायला तेल मागितलं, कंगवा मागितला, आरसा मागितला, केस नीट विंचरले, आणि मग बोलायला लागला, हत्यारं कुठे लपवलीत तेही नेऊन दाखवलं. आता सांगा, श्लोक बरा की कंगवा?

शेवटी वेडा ठरतो आणि सुटतो

हाही घोळ नेहमीचा. मानसिक आजार असणं आणि कायद्याच्या नजरेत वेडा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दंड संहितेचं जुनं कलम 84, न्याय संहितेत आता 22, ते एवढंच विचारतं की कृत्य करताना त्याला आपण काय करतोय, ते चूक किंवा बेकायदेशीर आहे, हे कळत होतं का. रामन राघवला स्किझोफ्रेनिया होता, तरी सेशन्स कोर्टाने फाशीच दिली. त्याने अपीलही केलं नाही. पुढे हायकोर्टाने सांगितल्यावर मनोविकारतज्ज्ञांच्या बोर्डाने तपासलं आणि फाशीची जन्मठेप झाली, म्हणजे सुटका कुठेच नाही. 1995 मध्ये पुण्याच्या ससूनमध्ये किडनीच्या आजाराने गेला. आणि बाकीचे बहुतेक खुनी तर वेडे नसतातच, हिशेबी असतात.

एकटा, पुरुष, आणि बालपणीचा फ्लॅशबॅक

पुण्यातल्या जोशी-अभ्यंकर खून प्रकरणात 1976-77 मध्ये दहा माणसं मारली ती कला महाविद्यालयातल्या मित्रांच्या टोळक्याने, पहिला बळी त्यांचाच कॉलेजातला मुलगा, आणि शेवटही त्यांच्यातलाच एकजण माफीचा साक्षीदार झाला म्हणून पक्का झाला. चौघांना 27 नोव्हेंबर 1983 ला येरवड्यात फाशी. कोल्हापूरच्या गावित प्रकरणात मारणाऱ्या होत्या आई आणि तिच्या दोन मुली. जत्रेत, देवळात, स्टँडवर पाकीट मारताना पकडलं तर कडेवर मूल असलं की लोक सोडून देतात, एवढ्यासाठी त्या लहान मुलं पळवायच्या आणि नकोशी झाली की संपवायच्या. बहिणींची फाशी दयेच्या अर्जाला झालेल्या उशिरामुळे जानेवारी 2022 मध्ये हायकोर्टाने जन्मठेपेवर आणली.

यात बापाने पट्ट्याने मारलेला फ्लॅशबॅक कुठे बसवणार? एफबीआयने 2005 मध्ये सॅन अँटोनियोला जगभरचे तज्ज्ञ बोलावून यावर मोठी बैठक घेतली होती, त्यातही हेच निघालं की एक ठरावीक साचा नाही, हेतू पैसा असेल, वासना असेल, राग असेल, आणि सगळेच काही घरकोंबडे एकलकोंडे नसतात, बायका-मुलं असलेले असतात. त्यामुळे फ्लॅशबॅक टाकायचाच तर एका ओळीत टाका आणि पुढे जा.

खऱ्या केसवर लिहिताना

इथे मात्र कथेची नाही, वकिलाच्या नोटिशीची भीती बाळगा. महानंद नाईकवर 16 खुनांचा आरोप होता, पण दोषी मोजक्याच खटल्यांत ठरला, बऱ्याच खटल्यांत पुराव्याअभावी सुटला. म्हणजे ‘16 बायका मारणारा’ असं बिनधास्त लिहिता येत नाही. निठारीचं तर पूर्णच उलटलं. डिसेंबर 2006 मध्ये नोएडाच्या त्या बंगल्यामागच्या नाल्यात हाडं सापडली, घरातल्या नोकराला एकामागून एक फाशीच्या शिक्षा झाल्या, आणि मग 2023 मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने बारा केसेसमध्ये निर्दोष सोडलं, उरलेल्या एका केसमध्ये नोव्हेंबर 2025 ला सुप्रीम कोर्टाने. कबुलीजबाब टिकला नाही, जप्ती टिकली नाही. मुलं हरवल्याच्या तक्रारी घेऊन आईबाप दोन वर्षं पोलिसांकडे खेटे घालत होते हे मात्र तसंच आहे, आणि ती मुलं कुणी मारली याला आज कोर्टाच्या कागदावर उत्तर नाही. 2007 नंतर या केसवर ज्यांनी ज्यांनी खऱ्या नावानिशी एपिसोड आणि कथा लिहून ठेवल्यात त्यांनी त्या आधी काढून घ्याव्यात, मग नवीन लिहायला बसावं.