नोकरी सांभाळून आपल्या भागातली मार्केटिंगची कामं मिळवताय? या चुका टाळा

आमच्या भोसरी एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. रविवारी आम्ही कामावर, त्यामुळे नातेवाइकांची लग्नं-मुंजी बऱ्याचदा चुकतात. पण गेल्या पाच वर्षांत मला दुकानांची, क्लासची, दवाखान्यांची जी कामं मिळाली ती बहुतेक या गुरुवारामुळेच मिळाली, कारण त्या दिवशी बाजार चालू असतो आणि मी मोकळा असतो. मी कंपनीत क्वालिटीला आहे, पहिली शिफ्ट, सात ते साडेतीन. उरलेल्या वेळात परिसरातल्या छोट्या धंद्यांचं गूगल प्रोफाइल (नाव शोधल्यावर गूगलवर आणि नकाशावर दिसणारी धंद्याची माहिती), व्हॉट्सॲप आणि थोड्याफार जाहिराती सांभाळतो.

असं काम सुरू करू पाहणारे मला विचारतात, पार्टी, म्हणजे काम देणारा धंदेवाला, मिळते कशी? ती हातची जाते कशी, हे मला जास्त नीट सांगता येईल. बहुतेक वेळा मुळाशी कारण एकच असतं. जे तास आपल्याकडे नाहीतच, ते आपण विकून बसतो.

चुकीच्या वेळी दारात उभं राहणं

बहुतेकांचं साडेसहाला ऑफिस सुटतं, सातपर्यंत आपण बाजारात पोचतो, आणि नेमकी तीच दुकानदाराच्या कमाईची वेळ असते. काउंटरला चार गिऱ्हाइकं उभी असताना कुणी "सर, दोन मिनिटं बोलायचं होतं" म्हणालं की तो "नंतर या" म्हणतो. हा नकार नसतो. पण तीन-चार दुकानांत हेच ऐकलं की नव्या माणसाला वाटतं, आपल्या भागात मार्केटिंग कुणाला नकोच आहे. सकाळी ऑफिसला जाताना थांबणं त्याहून वाईट. बोहनीच्या आधी पैशाचं बोलायला आलेला माणूस कुणालाच आवडत नाही.

आमच्याकडे बरीच दुकानं दुपारी एक-दीडला बंद होतात आणि साडेचार-पाचला पुन्हा उघडतात. शटर वर जातं, दारात पाणी शिंपडलं जातं, गल्ल्यापाशी अगरबत्ती लागते, शेजारच्या टपरीवरून चहा येतो. तिथून गर्दी सुरू होईपर्यंतचा अर्धा-पाऊण तास मालक खुर्चीत निवांत असतो. पहिल्या शिफ्टमुळे हा वेळ मला सापडला. जनरल शिफ्टवाल्यांनी महिन्यातून एक अर्धी रजा यासाठी ठेवावी, नाहीतर घरून चालणाऱ्या धंद्यांकडे वळावं. फराळ, केटरिंग, शिकवण्या, शिवणकाम करणाऱ्या मंडळींशी रात्री साडेआठनंतरही शांतपणे बोलता येतं.

वर्षाचंही गणित असंच आहे. दिवाळीच्या आठ दिवस आधी मिठाईवाल्याला भेटून उपयोग नाही, ते काम श्रावणात बोलायचं असतं. पितृपक्षात लोक नवा व्यवहार करत नाहीत म्हणून आपण घरी बसतो, पण त्या पंधरवड्यात बाजार थंड असतो आणि मालकाला बोलायला वेळ असतो. मी बोलणी तेव्हा करतो आणि काम घटस्थापनेला सुरू करतो. अजून कुणी त्याला हरकत घेतलेली नाही.

भेटायला वेळ नाही म्हणून फोन लावत सुटणं हीसुद्धा चूकच. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या 2018 च्या नियमांनुसार साध्या, नोंदणी नसलेल्या नंबरवरून प्रचाराचे फोन करता येत नाहीत. तक्रारी गेल्या तर तुमचाच नंबर बंद होऊ शकतो.

"डिजिटल मार्केटिंग करतो" एवढंच सांगणं

हे वाक्य दुकानदाराने इतक्यांदा ऐकलेलं असतं की पुढचं तो ऐकतच नाही. त्याला त्याच्या धंद्यातली एक अडचण दाखवा, जी तुम्ही तुमच्या वेळेत सोडवू शकता.

माझं पहिलं पैसे मिळालेलं काम आळंदी रोडच्या एका टू-व्हीलर गॅरेजचं. गाडी सर्व्हिसिंगला टाकून मी बाकड्यावर बसलो होतो. तासाभरात त्या दादांनी चार जणांना फोनवर रस्ता सांगितला. हात ऑइलने भरलेले, फोन खांद्याने कानाशी दाबून धरलेला, आणि प्रत्येकाला तेच: "मागच्या गल्लीत नाही हो, मेन रोडला या, पिंपळासमोर." मी मोबाइलवर गॅरेजचं नाव शोधलं. नकाशावरची खूण खरंच मागच्या गल्लीत होती, सुट्टीचा वार चुकलेला होता, आणि एकुलता एक फोटो कुण्या गिऱ्हाइकाने टाकलेला, बंद शटरचा. मी स्क्रीन त्यांच्यासमोर धरली. त्यांनी फडक्याने हात पुसले, फोन घेतला आणि तो फोटो बराच वेळ बघत राहिले. "लोकांना आपलं गॅरेज असं दिसतं?"

पुढच्या गुरुवारी सकाळी नऊला, ते गॅरेज उघडायच्या वेळी, मी तिथे होतो. धंदा त्या जागी खरंच आहे याची गूगल आता बऱ्याचदा व्हिडिओ मागून खात्री करतं. रस्ता आणि आजूबाजूचा परिसर, दुकानाचा बोर्ड, आणि जागा आपलीच आहे हे दाखवणारी कृती, म्हणजे कुलूप काढून शटर उघडणं वगैरे, हे सगळं न थांबता एकाच व्हिडिओत घ्यावं लागतं. म्हणून हे काम दुकान उघडताना केलं की एका फेरीत होतं. खूण जागेवर आली, वेळा सुधारल्या, दहा चांगले फोटो चढले. त्यांनी 1,500 रुपये दिले. पुढच्या दोन पार्ट्या त्यांच्याच बाकड्यावर बसलेल्या गिऱ्हाइकांमधून आल्या.

इथे एक मोह आवरायला हवा, "पहिल्या नंबरवर आणून देतो" असं सांगण्याचा. स्थानिक निकाल कशावर ठरतात हे गूगल स्वतःच सांगतं: शोधाशी जुळणं, अंतर आणि त्या धंद्याची प्रसिद्धी. त्यातलं अंतर तुमच्या हातात नाही. मोशीत उभ्या असलेल्या माणसाला निगडीचं गॅरेज पहिलं दिसावं अशी हमी कुणीच देऊ शकत नाही. मग ते वचन पाळायला लोक नावात शब्द घुसडतात, "बेस्ट टू-व्हीलर गॅरेज भोसरी" वगैरे. बोर्डवर जे नाव आहे तेच प्रोफाइलवर असावं असा नियम आहे, आणि तो मोडल्यावर प्रोफाइल सस्पेंड झालं तर गिऱ्हाइकाचा फोनच थांबतो. सवलत देऊन रिव्ह्यू लिहून घेणंही गूगलच्या नियमात बसत नाही. त्यापेक्षा रिव्ह्यूची लिंक क्यूआर कोड करून गल्ल्यापाशी चिकटवा. काम आवडलेला माणूस स्वतःहून लिहितो.

नोकरी लपवणं

माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं, आणि ती दोन्हीकडून होते.

आधी पार्टीकडून बघू. नोकरी आहे म्हटलं तर काम मिळणार नाही या भीतीने आपण "माझी एजन्सी आहे" असं सांगतो. मग सकाळी अकराला फोन येतो, आपण लाइनवर किंवा मीटिंगमध्ये, फोन कट. दुपारी पुन्हा कट. संध्याकाळी आपण फोन करतो तेव्हा मालकाच्या मनात एकच असतं की पैसे घेईपर्यंत गोड बोलला. एका क्लासचं काम माझ्या हातून असंच गेलं. ॲडमिशनच्या दिवसांत त्यांना जाहिरातीतला फोन नंबर तातडीने बदलून हवा होता आणि माझं त्या दिवशी कंपनीत ऑडिट होतं. चूक माझी होती. मी त्यांना माझ्या वेळा सांगितल्याच नव्हत्या.

आता पहिल्याच भेटीत सांगतो: "मी नोकरी करतो. चारनंतर फोन उचलेन, गुरुवारी पूर्ण दिवस आहे. दिवसा काही लागलं तर व्हॉट्सॲपवर लिहून ठेवा, त्याच संध्याकाळी करून देईन." काही जण नाही म्हणतात, त्यांना खरंच पूर्णवेळ माणूस हवा असतो. बाकीच्यांना उलट बरं वाटतं, घर चालवायला हा आपल्यावर अवलंबून नाही म्हणून. आणि दिवसभर लक्ष मागणारी कामं, म्हणजे रोजची पोस्ट किंवा गिऱ्हाइकांच्या मेसेजला लगेच उत्तरं, मी घेतच नाही.

दुसरी बाजू कंपनीची. नेमणूकपत्र काढा आणि दुसऱ्या कामाबद्दलचं कलम शब्द न् शब्द वाचा. प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम करणाऱ्या 300 जणांना काढल्याचं विप्रोचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी सप्टेंबर 2022 मध्ये जाहीरपणे सांगितलं. त्यानंतर महिन्याभरातच इन्फोसिसने आधी परवानगी घेऊन बाहेरची छोटी कामं करायला वाट ठेवली. म्हणजे प्रत्येक कंपनीचं धोरण वेगळं, आणि विचारून केलेलं आणि लपवून केलेलं यात मोठा फरक. मी एचआरला लेखी मेल टाकला, आमच्या क्षेत्रातल्या कुणाचंही काम घेणार नाही असं त्यात लिहिलं, आणि होकाराची प्रिंट जपून ठेवली आहे. सरकारी नोकरांनी विशेष जपावं. केंद्राचे 1964 चे आणि महाराष्ट्राचे 1979 चे वर्तणूक नियम मंजुरीशिवाय खासगी धंदा करू देत नाहीत. कुठेही असा, कंपनीचा लॅपटॉप आणि कंपनीचा वेळ या कामाला लावू नका.

प्रोफाइल आपल्याच जीमेलवर बनवणं

घाईत सोपं वाटतं म्हणून बरेच जण हे करतात. उद्या आपली बदली झाली, भांडण झालं किंवा पासवर्ड हरवला तर मालक स्वतःच्याच दुकानाच्या नावासाठी अर्ज-विनंत्या करत बसतो. त्यांच्या जीमेलवर प्रोफाइल काढा, प्रायमरी ओनर (मुख्य मालक) तेच राहू द्या आणि स्वतःला मॅनेजर म्हणून जोडून घ्या. आधीच कुणी दुसऱ्याने प्रोफाइल ताब्यात घेतलेलं असेल तर मालकी मागायची सोय आहे. सध्याच्या ओनरला उत्तरासाठी तीन दिवस मिळतात. तेवढे दिवस धरूनच तारीख सांगा.

धंद्याचे कायदे न बघता हो म्हणणं

ओळखीत वकील असतात, डॉक्टर असतात, म्हणून सुरुवात तिथून होते. पण बार कौन्सिलच्या नियम 36 प्रमाणे वकिलाला जाहिरात करून काम मिळवता येत नाही. डॉक्टरांवर 2002 च्या आचारसंहितेची बंधनं आहेत, त्यामुळे "शंभर टक्के गुण" असली पोस्ट तुम्ही कराल आणि उत्तर त्यांना द्यावं लागेल. त्यांच्यासाठी पत्ता, वेळा, पार्किंग कुठे आहे एवढं बिनचूक ठेवलं तरी पेशंटची मोठी सोय होते. मधुमेह बरा करतो असा दावा करणाऱ्यांच्या जाहिराती अजिबात घेऊ नका, त्यांवर बंदी घालणारा 1954 चा कायदा आहे. बिल्डरच्या जाहिरातीत महारेराचा नोंदणी क्रमांक आणि 1 ऑगस्ट 2023 पासून क्यूआर कोडही लागतो. क्लासवाल्यांसाठी निवडीची हमी देणाऱ्या जाहिरातींवर ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. गॅरेज, फराळ, पार्लर, टेलर, पेट शॉप यांच्यापासून सुरुवात केली तर यातलं फारसं आड येत नाही.

जाहिरातीचे पैसे आपल्या खिशातून घालणं

दुसऱ्या वर्षी एका पार्टीच्या जाहिराती मी स्वतःच्या क्रेडिट कार्डवर चालवल्या. ते म्हणाले, महिनाअखेरीला देतो. 14 हजार रुपये अडकले, ते वसूल करायला पाच महिने लागले, आणि त्या पाच महिन्यांतले माझे गुरुवार पैसे मागण्यात गेले. जाहिरातीचं खातं मालकाचं आणि कार्डही मालकाचंच असावं. खर्चावर 18 टक्के जीएसटी लागतो हे आधीच सांगा, नाहीतर बिल आल्यावर वाद होतो. आपली फी वेगळी, अर्धी आगाऊ, आणि काय करणार, काय नाही हे व्हॉट्सॲपवर मराठीत लिहून त्यांच्याकडून "ठीक आहे" घ्यायचं. मित्राचं दुकान असलं तरी हेच. मी मित्रांना दर कमी लावतो, पण फुकट करत नाही, कारण फुकटचं काम थकलेल्या संध्याकाळी नेहमी मागे पडतं आणि मैत्री दुखावते.

कराचं थोडक्यात: या कमाईमुळे पगारदाराचा साधा आयटीआर-1 चालत नाही, आयटीआर-3 किंवा 4 भरावा लागतो, म्हणून मार्चमध्येच सीएंना सांगा. सेवांची उलाढाल वर्षाला 20 लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही, आणि पगार त्यात मोजत नाहीत.

तीन महिने फिरूनही एकही काम नाही, असं असेल तर नवा कोर्स करण्याआधी वही काढा आणि किती दुकानांत, कोणत्या वाराला, किती वाजता गेलात ते लिहा. माझ्या एका सहकाऱ्याने लिहिलं तेव्हा 22 भेटींपैकी 19 संध्याकाळी सात ते नऊमधल्या निघाल्या. पुढच्या गुरुवारी तो साडेचारला गेला, एका पिठाच्या गिरणीत. गिरणीची वेळ नकाशावर चुकलेली होती, ताईंनी चहा मागवला आणि त्याला आत बसवलं.