टूरिंग बाईकचा साउंड सुधारायचाय? आधी वाऱ्याचा हिशोब मांडा

उभ्या गाडीवर गाणं लावून साउंड सिस्टीमची पारख करू नका. गॅरेजच्या चार भिंतींत कुठलाही स्पीकर भरदार वाटतो. खरी परीक्षा ताशी शंभर किलोमीटरला होते, डोक्यात हेल्मेट आणि कानाशी वाऱ्याचा अखंड घोंघाट असताना. मी स्वतःच्या आणि मित्रांच्या टूरिंग गाड्यांवर हे काम बरीच वर्षं हातानं करत आलोय. कोणी मला विचारलं, ‘किती वॅटचा अँप (ॲम्प्लिफायर) टाकू?’, की मी आधी विचारतो, ‘हायवेला गाण्याचे शब्द कळतात का?’ कळत नसतील तर का कळत नाहीत, ते शोधायचं. सगळं काम तिथून सुरू होतं.

हेल्मेटमध्ये येणारा वाऱ्याचा आवाज मुख्यतः खालच्या पट्टीतला असतो. तो डग्ग्याचा घुमारा, बेस गिटार, ढोलाचा ठोका सगळं गिळून टाकतो. तिथं तुम्ही कितीही वॅट ओतले तरी वारा जिंकतो. पण गायकाचे शब्द, म्हणजे त्यातली व्यंजनं, साधारण १,००० ते ४,००० हर्ट्झच्या आसपास असतात आणि तिथं वाऱ्याचा जोर कमी पडतो. स्पीकर त्या पट्ट्यात स्वच्छ आणि जोरकस असेल तर गाणं कळतं. म्हणून बाईकवर बेसच्या मागे धावू नका, असं मी अगदी ठामपणे सांगतो.

पहिलं काम स्पीकरचं नाहीच, काचेचं आहे. विंडशील्डच्या वरच्या कडेवरून येणारी हवा घुसळत थेट हेल्मेटवर आदळत असेल, तर सगळ्यात महागडी सिस्टीमही वाया जाईल. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर चालत्या गाडीत फूटपेगवर किंचित उभं राहून बघा. डोकं वर गेल्यावर गोंगाट एकदम कमी झाला, तर वरची हवा स्वच्छ आहे आणि काच तुमच्या उंचीला जुळत नाही असं समजा. काचेची कड नाकाच्या शेंड्याच्या पातळीला यावी आणि नजर कडेवरून जावी. मग हेल्मेटची हनुवटीखालची फट बंद करणारा पडदा लावा. एवढ्यानं कधीकधी इतका फरक पडतो की पुढचा निम्मा खर्च टळतो.

तुम्ही कायम एकटे फिरत असाल, फुल-फेस हेल्मेट घालत असाल आणि गाडीचा वेग सतत जास्त असेल, तर हेल्मेटमधला इंटरकॉम आणि त्याचे ४० मिलिमीटरचे स्पीकर तुम्हाला पुरतील. ते कानासमोरच असतात, त्यामुळे त्यांना वाऱ्याशी झुंजावं लागत नाही. फेअरिंगमधल्या, म्हणजे गाडीच्या पुढच्या आवरणातल्या, स्पीकरचा आनंद वेगळा आहे. मागे बसलेल्या माणसाबरोबर तेच गाणं ऐकता येतं, आणि डोक्याला काही न लटकवता ऐकता येतं. पुढचं सगळं त्यांच्यासाठी.

आता स्पीकर. डब्यावरचा ‘मॅक्स’ किंवा ‘पीक’ वॅटचा आकडा वाचूच नका. दोन आकडे बघा: आरएमएस वॅट, म्हणजे स्पीकर सतत झेलू शकेल ती ताकद, आणि सेन्सिटिव्हिटी. सेन्सिटिव्हिटी म्हणजे १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो ते. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो. म्हणजे २० वॅटच्या रेडिओऐवजी ८० वॅटचा अँप लावला तर ६ डेसिबलची कमाई. तेवढीच कमाई ८७ डेसिबलचा स्पीकर काढून ९३ डेसिबलचा लावला तरी होते, आणि बॅटरीवर जास्तीचा भार शून्य. म्हणून मी नेहमी आधी स्पीकर बदलतो, तेवढ्यावर काही दिवस गाडी चालवायला सांगतो, आणि अँपचा विचार त्यानंतर करतो.

स्पीकर घेताना कोन पॉलिप्रॉपिलीनसारख्या न भिजणाऱ्या वस्तूचा असावा आणि त्याची बाहेरची घडी रबराची असावी. कागदी कोन घरात गोड वाजतो, पावसात मात्र टिकत नाही. नियोडिमियम चुंबकाचे स्पीकर हलके आणि खोलीला कमी असतात, ही बाईकवर मोठी सोय आहे. फेअरिंगच्या आत डायल, वायरिंग आणि कंसांची इतकी दाटी असते की स्पीकरची खोली न मोजता खरेदी करणं म्हणजे परतीचं पार्सल तयार ठेवणं. ओहम, म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा विरोध, तोही बघा. कंपनीच्या रेडिओला ४ ओहम लागत असेल आणि तुम्ही २ ओहमचा स्पीकर जोडला, तर तो तापून बंद पडतो. दोन ४ ओहमचे स्पीकर समांतर जोडले की २ ओहम होतात, हेही लक्षात असू द्या.

हॉर्न ट्वीटर, म्हणजे भोंग्याच्या तोंडाचे वरच्या पट्टीचे छोटे स्पीकर, त्यांच्याबद्दल माझं मत सांगतो. ते प्रचंड जोरकस असतात आणि वाऱ्यातून आरपार येतात. पण पूर्ण दिवसाच्या प्रवासात, तासन्‌तास, तो तीक्ष्ण आवाज कान शिणवतो. गावातल्या गावात मिरवायचं असेल तर ठीक. लांबच्या प्रवासाला मी साधा रेशमी घुमटाचा ट्वीटर असलेला को-ॲक्सियल (एकाच चौकटीत मोठा कोन आणि ट्वीटर) स्पीकरच निवडतो.

स्पीकर बसवताना सगळ्यात जास्त वेळ सीलवर द्या. कोन पुढे सरकतो तेव्हा मागे उलटी लाट तयार होते. स्पीकरच्या कडेनं फट राहिली तर ती मागची लाट पुढे येऊन खालच्या आणि मधल्या खालच्या पट्टीतला आवाज खोडते, आणि नवा स्पीकर पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. पाणी न शोषणारी बंद पेशींची फोम पट्टी स्पीकरच्या रिंगभोवती अखंड चिकटवा आणि तिचा सांधा खालच्या बाजूला ठेवा. सव्वापाच इंची जागी साडेसहा इंची स्पीकर बसवायला अडॅप्टर रिंग मिळते. तिच्या आणि फेअरिंगच्या मध्येही फोम हवाच. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या, त्यांना निळा थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावा, आणि समोरासमोरचे थोडे थोडे करत कसा, म्हणजे प्लॅस्टिकची रिंग वाकणार नाही.

मग ध्रुवता, म्हणजे धन-ऋण टोकं बरोबर जोडलीत का, ते तपासा. दीड व्होल्टचा सेल स्पीकरच्या वायरींना क्षणभर टेकवा. सेलचं धन टोक स्पीकरच्या धन टोकाला लागल्यावर कोन बाहेर सरकला पाहिजे. डावा बाहेर आणि उजवा आत गेला, तर दोघांचा आवाज एकमेकांना मारतो आणि गायक समोर न दिसता कुठंतरी हवेत पसरतो. तपासायला मिनिटभर लागतं, आणि फेअरिंग बंद झाल्यावर ती चूक सापडायला सबंध दुपार जाते.

अँपकडे वळू. बाईकला क्लास डी हाच अँप घ्या. तो लहान असतो, कमी तापतो आणि बॅटरीतून घेतलेल्या विजेतला साधारण ८० ते ९० टक्के भाग स्पीकरला देतो. तरीही हिशोब करायचाच. चार चॅनल, प्रत्येकी ७५ वॅट, म्हणजे ३०० वॅट. कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर साधारण ३५३ वॅट ओढले जातील. १३.८ व्होल्टला भागलं की जवळपास २६ अँपियर. संगीत सतत पूर्ण ताकदीनं वाजत नसल्यानं सरासरी याच्या बरीच खाली राहते, पण वायर आणि फ्यूज या कमाल आकड्यावर ठरतात. गाडीचा आल्टरनेटर किती अँपियर देतो ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा. त्यातून दिवे, इंजिन, तापणाऱ्या ग्रिप्स आणि जॅकेट वजा करा. जे उरेल ते तुमचं. इंजिन आयडलवर असताना आल्टरनेटर फार कमी देतो, म्हणून सिग्नलला गाणं कमी करण्यात शेजाऱ्यांची सोय आहे तशी बॅटरीचीही आहे.

वायरिंगला हात लावण्याआधी बॅटरीचं ऋण टर्मिनल सोडवा, मग धन. जोडताना उलटा क्रम. अँपची धन वायर थेट बॅटरीपासून आणा आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर बसवा. फ्यूज वायरीला वाचवतो. तो टोकाला अँपजवळ ठेवला, तर मधली सगळी वायर संरक्षणाविना राहते, आणि ती घासून चेसिसला टेकली की आग लागू शकते. या मापाच्या अँपला ८ गेजची तांब्याची वायर योग्य. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर त्याच गेजच्या नावानं विकली जाते. ती वीज कमी वाहते, कंपनात लवकर तुटते आणि ओल लागली की टोकं पांढरी पडून कुजतात. तार कापून आतला रंग बघा. ऋण वायरही बॅटरीलाच परत न्या. रंगवलेल्या चेसिसच्या बोल्टवर अर्थिंगचा भरवसा धरू नका.

सांधे सोल्डर करायचे की क्रिंप (पकडीनं दाबून बसवायचे), यावर वाद होतात. बाईकवर मी क्रिंपच करतो. सोल्डर वायरीच्या तारांत आत झिरपतं आणि जिथं संपतं तिथं वायर एका बाजूला कडक आणि दुसऱ्या बाजूला मऊ राहते. कंपनानं ती नेमकी तिथंच तुटते. चांगल्या पकडीनं क्रिंप करा आणि वरून आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा. जोडण्यांना पाणी अडवणारे, कडी लागणारे कनेक्टर घ्या. साइड बॅगच्या झाकणात स्पीकर असतील तर असा कनेक्टर लागतोच, कारण ती बॅग चाक काढताना उतरवावी लागते.

हार्ले-डेव्हिडसनच्या स्ट्रीट ग्लाइडसारख्या गाड्यांत फेअरिंग फोर्कला जोडलेलं असतं आणि हँडलबरोबर वळतं. हार्लेच्याच रोड ग्लाइडमध्ये किंवा होंडाच्या गोल्ड विंगमध्ये ते सांगाड्याला पक्कं असतं. पहिल्या प्रकारात दोन गोष्टी जपा. वायरिंग झाल्यावर हँडल दोन्ही टोकांपर्यंत पूर्ण वळवून कुठं वायर ताणली किंवा चेपली जात नाही ना ते बघा. आणि फेअरिंगमध्ये जड चुंबकाचे स्पीकर व अँप दोन्ही कोंबू नका. ते वजन स्टिअरिंगवर येतं आणि वेगात गाडीचं पुढचं टोक हलकं डुलायला लागू शकतं. अँप सीटखाली किंवा बॅगेत गेला तर बरं, फक्त त्याला हवा मिळाली पाहिजे.

अँप चालू-बंद करणारी रिमोट वायर चावी फिरवल्यावरच वीज मिळणाऱ्या सर्किटला जोडा, नाहीतर सकाळी बॅटरी मेलेली सापडेल. सिग्नलची वायर एका बाजूनं आणि विजेची दुसऱ्या बाजूनं न्या. इंजिनच्या फेऱ्यांबरोबर चढत-उतरत जाणारी शिटी ऐकू आली, तर दोष बहुधा अर्थिंगमध्ये असतो. रेडिओ आणि अँप यांचं अर्थिंग एकाच ठिकाणी आणा.

अँपवरचा गेन, म्हणजे रेडिओच्या सिग्नलशी अँप जुळवणारी खुंटी, हा आवाजाचा खटका आहे असं समजून तो पूर्ण फिरवणारे लोक स्पीकर जाळतात. गेन असा लावा. स्पीकर सोडवून ठेवा. रेडिओचे बेस आणि ट्रेबल शून्यावर, आवाज तीन-चतुर्थांश. ४०० हर्ट्झचा सलग सूर वाजवा. बरेच साधे मल्टिमीटर एसी व्होल्टेज याच्या वर नीट मोजत नाहीत. हवे असलेले वॅट गुणिले ओहम, आणि त्याचं वर्गमूळ, हे तुमचं व्होल्टेज. ७५ वॅट आणि ४ ओहमला १७.३ व्होल्ट. अँपच्या स्पीकर टर्मिनलवर तेवढं वाचन येईपर्यंत गेन हळूहळू वाढवा आणि थांबा. मग हाय-पास फिल्टर (ठरावीक हर्ट्झखालचा आवाज कापणारा) ८० ते १०० हर्ट्झवर ठेवा. त्याखालचा बेस वारा खाणारच आहे. तो कापला की कोन मोकळा होतो आणि शब्द लगेच उजळतात.

नवे स्पीकर आणि अँप लावूनही आवाज पातळ वाटला, तर दोष रेडिओत असू शकतो. बऱ्याच कंपन्यांच्या रेडिओत मूळ स्पीकरना जपण्यासाठी आवाज वाढेल तसा बेस कमी करणारा इक्वलायझर बसवलेला असतो. काही गाड्यांत तो सॉफ्टवेअरनं बदलून मिळतो, नाहीतर मध्ये डीएसपी, म्हणजे आवाजाचा सिग्नल दुरुस्त करणारं छोटं यंत्र, लावून सरळ करावा लागतो.

शेवटची जुळवणी रस्त्यावर. नेहमीच्या वेगानं, नेहमीच्या हेल्मेटमध्ये, ओळखीचं गाणं ऐका, थांबा, बदल करा, पुन्हा निघा. चालत्या गाडीवर बटणांशी खेळू नका. २०० ते ३०० हर्ट्झच्या आसपास फेअरिंग डब्यासारखं घुमतं, ते थोडं कापा. २,००० हर्ट्झच्या आसपास दोन-तीन डेसिबल वाढवा. वेगानुसार आवाज आपोआप बदलण्याची सोय असेल तर ती मधल्या पायरीवर ठेवा.

आणि कान जपा. कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेच्या एनआयओएसएच संस्थेच्या मर्यादेनुसार ८५ डेसिबल आठ तास सुरक्षित, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. हायवेवर हेल्मेटमधला वाराच त्याच्या आसपास पोचू शकतो. मी कायम फिल्टरवाले इअरप्लग घालतो. ते वारा आणि गाणं दोन्ही सारखंच कमी करतात, त्यामुळे गाणं हरवत नाही. उलट कानावरचा ताण उतरल्यानं शब्द जास्त स्वच्छ लागतात.

पहिल्या लांब प्रवासानंतर फेअरिंग एकदा उघडा. स्क्रू सैल झालेत का, वायर कुठं घासलीये का, फ्यूजचा होल्डर तापून रंग बदललाय का, तळाशी पाणी साचलंय का, हे बघा. गाडी धुताना प्रेशर वॉशरची तोटी स्पीकरच्या जाळीवर धरू नका. स्पीकरवर लिहिलेलं आयपी ६७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरणं, जवळून मारलेल्या जोराच्या फवाऱ्याची ती हमी नाही. आणि अँपच्या मापाचा एक जादा फ्यूज सीटखालच्या टूलकिटमध्ये कायम ठेवा.