हायपोग्लायसेमिक : बोलताना आणि फोड करताना या चुका टाळा

रात्री साडेदहाला मावशीचा फोन. "अगं, काकांची शुगर हायपर झालीय, घामाने नुसते निथळतायत!" मी विचारलं, "मीटरवर किती दाखवतंय?" म्हणाली, "52."

शुगर 70 च्या खाली गेली की तो हायपो. काका शुद्धीवर होते, गिळता येत होतं, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यायला सांगितली आणि 15 मिनिटांनी पुन्हा मोजायला लावली. पण त्या 'हायपर'वर विश्वास ठेवून मी "गोड काही देऊ नकोस" म्हटलं असतं तर, या विचाराने आजही काटा येतो.

म्हणून सगळ्यात आधी हे दोन शब्द वेगळे करा. ग्रीकमधला 'हायपर' आणि संस्कृतमधला 'उपरि' एकाच मुळातले, आणि आपला 'वर' आला तोही उपरिवरूनच. हायपर म्हणजे वर; दोन्हींच्या शेवटी 'र' आहे, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे. 'हायपो' म्हणजे खाली, आणि तो आपल्या 'उप'चा भाऊबंद. आणि फोनवर सांगताना शब्दाच्या आधी आकडा सांगा.

आता 'हायपोग्लायसेमिक'चा उच्चार. शब्दाचे तुकडे पाच: हाय-पो-ग्लाय-सी-मिक. जोर 'सी'वर. मराठीत लिहिताना 'सेमिक' रूढ झालंय, त्याला माझी हरकत नाही. 'ग्लिसेमिक' मात्र म्हणू नका. ग्लायकोजेनमध्ये 'क' आणि इथे 'स' का, असं विद्यार्थी विचारतात. मूळ ग्रीक शब्दात 'क'च आहे. इंग्रजीत त्या जागी आलेलं 'सी' (c) हे अक्षर पुढे 'ई' (e) आला की मऊ होतं, म्हणजे त्याचा 'स' होतो. ब्रिटिश वळणाच्या पुस्तकांत मध्ये एक जादा 'ए' (a) दिसतो, त्याने उच्चार बदलत नाही.

फोड करताना 'ग्लायसे' आणि 'मिक' असं तोडू नका. हायपो म्हणजे खाली, ग्लायक म्हणजे गोड, हायमा म्हणजे रक्त, आणि शेवटी विशेषण करणारा 'इक'. जोडताना हायमाचा 'ह' गळतो; हिमोग्लोबिनमध्ये तोच 'ह' सुरुवातीला असल्यामुळे टिकलाय. ॲनिमिकमध्येही हेच रक्त आहे. एपिडेमिकमध्ये मात्र नाही, तिथे 'डेमोस' म्हणजे लोक.

शेवटची गल्लत विशेषणाची. काकांच्या फाइलवर 'ओरल हायपोग्लायसेमिक' वाचून मावशी हबकली, शुगर आधीच पडलेली असताना हे काय लिहिलंय म्हणून. हा शब्द रुग्णाला लावला तर शुगर पडलेला, आणि औषधाला लावला तर वाढलेली शुगर खाली आणणारं. काकांच्या त्या रोजच्याच गोळ्या होत्या. त्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. 52 हा आकडा, वेळ आणि त्याआधी काय खाल्लं होतं हे कागदावर लिहून मावशीने दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवलं.