स्वतंत्र चित्रपटातलं प्रतिनिधित्व कसं तपासावं? ‘कोर्ट’ समोर ठेवून

‘सिनेमात सगळ्या थरांतली माणसं आहेत’ एवढ्यावर वैविध्य सिद्ध होत नाही. कुणाला किती जगू दिलंय, हे बघावं लागतं. ते कसं बघायचं, यासाठी चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) हा स्वतंत्र, म्हणजे मोठ्या स्टुडिओबाहेर झालेला, चित्रपट घेऊ. मॅनहोलमध्ये मेलेल्या सफाई कामगाराला आपल्या गाण्यातून आत्महत्येला प्रवृत्त केलं, असा आरोप एका लोकशाहिरावर ठेवला जातो, त्या खटल्याची ही गोष्ट.

१. आधी चित्रपट सलग बघा, वही बाजूला ठेवून. दुसऱ्यांदा बघताना पात्रांची यादी करा: जात, वर्ग, लिंग, भाषा. ‘कोर्ट’मध्ये मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी अशा चार भाषा कानावर पडतात. पण ही यादी म्हणजे फक्त हजेरीपट.

२. आता प्रत्येक नावापुढे लिहा: कामाबाहेरचं आयुष्य दिसतं का? माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. बचावाचे वकील व्होरा सुपरमार्केटमध्ये खरेदी करताना दिसतात. सरकारी वकील नूतन लोकलमधून घरी येते, मुलाला आणते, स्वयंपाकाला लागते. न्यायाधीश सुट्टीवर जातात. शाहीर नारायण कांबळे सुरुवातीला मुलांना शिकवताना दिसतात, पण अटकेनंतर ते बहुतेक वेळ आरोपीच असतात. मृत कामगाराची बायको शर्मिला हिचं तर घरातलं रोजचं जगणं आपल्याला दिसतच नाही. दिग्दर्शकाने हे जाणूनबुजून केलं असेलही, पण नोंद करायचीच.

३. कोण बोलतं आणि ते बोलणं कुणाच्या हातात जातं, ते पाहा. शर्मिलाची साक्ष पुन्हा पुन्हा बघा. गटारातून झुरळ बाहेर आलं की आत हवा आहे, असं नवरा ओळखायचा, हे ती अगदी साध्या स्वरात सांगते. आणि न्यायाधीश साक्षी आपल्या इंग्रजीत स्टेनोला सांगून नोंदवून घेतात. सत्ता कुणाकडे आहे, हे इथे संवादांच्या संख्येवरून कधीच कळलं नसतं.

४. अमेरिकन चित्रकथाकार ॲलिसन बेक्डेल यांच्या १९८५च्या चित्रकथेतून आलेली कसोटी लावून बघा: दोन स्त्रिया पुरुषाखेरीज दुसऱ्या विषयावर एकमेकींशी बोलतात का? चाळणी म्हणून ठीक आहे, पण जातीबद्दल ती काहीच सांगत नाही. आपल्याकडे तेवढ्यावर थांबता येत नाही.

५. श्रेयनामावली शेवटपर्यंत वाचा. कांबळेंची भूमिका करणारे वीरा साथीदार स्वतः नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते होते, आणि शाहिरी गाणी लोकशाहीर संभाजी भगत यांची आहेत. म्हणूनच ती गाणी उसनी वाटत नाहीत. पण लेखन आणि दिग्दर्शन ताम्हाणेंचं, निर्मिती विवेक गोम्बर यांची, आणि व्होराही तेच साकारतात. म्हणजे पडद्यावर कोण, निर्णय कुणाचे आणि पैसा कुणाचा, हे तीन वेगळे रकाने करा. कमी पैशांत सिनेमा होतो म्हणून सूट देऊ नका; कलाकार निवडायला स्वतंत्र निर्मात्याला उलट जास्त मोकळीक असते.

६. आपली नोंद ज्या समाजाबद्दल आहे, त्यातल्याच माणसाला वाचायला द्या आणि त्याचं म्हणणं वादावादी न करता लिहून घ्या.

हात बसला की नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (२०१३) घ्या. त्याचा नायक, शाळकरी जब्या, याच्या घरातलं जगणं तिथे भरभरून आहे. मग त्याला आवडणारी वर्गातली शालू मात्र जवळजवळ सगळी त्याच्याच नजरेतून का दिसते, यावर दुसऱ्या पायरीचा प्रश्न लावून बघा.