स्वयंपाकघरातील आठवणी छापण्यापूर्वी

घरातील वडीलधाऱ्यांना समोर बसवून एखाद्या पदार्थाची कृती विचारली, की बहुधा ‘अंदाजाने घालते’ एवढेच उत्तर मिळते आणि त्यामागची आठवण छापील पानापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून प्रश्न पदार्थ होत असतानाच विचारावेत. मोबाइलवर ध्वनिमुद्रण सुरू ठेवावे आणि प्रत्येक जिन्नसाचा डबा वापरण्यापूर्वी व वापरल्यानंतर वजनकाट्यावर ठेवावा. दोन्ही वजनांतील फरक हेच त्या मुठीचे माप होय आणि करणाऱ्याचा हातही अडत नाही. चिमूटभर मात्र चिमूटभरच राहू द्यावे. ‘हे कोणाकडून शिकलात, पहिल्यांदा बिघडले तेव्हा काय केलेत?’ या प्रश्नांच्या उत्तरांतूनच मला सर्वांत जिवंत मजकूर मिळाला आहे, तेव्हा सांगणाऱ्याच्या बोलीतील शब्द बदलू नयेत.

हस्ताक्षरातील जुने कागद किमान 300 डीपीआयवर (म्हणजे दर इंचात 300 ठिपके) स्कॅन करावेत. मधोमध पिना मारलेली पुस्तिका काढायची असल्यास पृष्ठसंख्या 4 च्या पटीत ठेवावी, अन्यथा कोरी पृष्ठे उरतात.

ज्यांचा उल्लेख आहे, त्यांना मजकूर छपाईपूर्वी वाचायला द्यावा. घरातील आजारपण किंवा भांडण त्यांच्या संमतीशिवाय छापू नये.