चिकन प्रोसेसिंग प्लांटमधला नफा गळतो कुठे? या चुका टाळा

संध्याकाळी हिशेबाला बसल्यावर बहुतेक प्लांटमालकांचा पहिला प्रश्न असतो, "आज तासाला किती पक्षी निघाले?" माझ्या मते आधी विचारायला हवं ते उताऱ्याबद्दल, म्हणजे जिवंत वजनातून विकण्याजोगा माल किती टक्के निघाला याबद्दल. साखर कारखान्यात उतारा पॉइंटात मोजतात, दशांशाने खाली आला तरी चर्चा होते. चिकनच्या धंद्यात मात्र तो महिन्याच्या शेवटी अंदाजाने काढला जातो.

खर्चाचा सर्वांत मोठा वाटा जिवंत कोंबडीचा असतो. मजुरी, वीज, पॅकिंग हे सगळं तिच्या मागे. २ किलोच्या ब्रॉयलरमधून त्वचेसकट ड्रेस्ड (पिसं-आतडी काढलेला) माल साधारण ७० ते ७५ टक्के मिळतो, स्किनलेसमध्ये त्याहून कमी. रोज ५,००० पक्षी कापले तर जिवंत वजन झालं १०,००० किलो. उतारा एका टक्क्याने घसरला की रोजचं १०० किलो चिकन गेलं. हे नुकसान कुठल्याही बिलात दिसत नाही, म्हणून वर्षानुवर्षं चालू राहतं.

चिलरनंतरच्या वजनावर उतारा काढणं

ही चूक फार ठिकाणी दिसते. पाण्याच्या चिलरमधून, म्हणजे माल थंड करायच्या टाकीतून, बाहेर येताना कोंबडी पाणी पिऊन येते. आधीच्या टप्प्यांवर मांस वाया गेलेलं असलं तरी या पाण्यामुळे आकडा चांगला दिसतो, आणि पुढे तेच पाणी गिऱ्हाइकाच्या पिशवीत गळतं. वजन चार ठिकाणी घ्या: गाडी उतरताना, पिसं काढल्यावर, पोट साफ केल्यावर म्हणजे चिलरच्या आधी, आणि पॅकिंगपूर्वी. प्रत्येक लॉटमधले २०-२५ पक्षी पुरेत. आठवड्याभरात गळती कोणत्या दोन काट्यांच्या मध्ये आहे ते कळतं.

खाद्य बंद करण्याचे तास चुकीचे मोजणं

फार्मवर खाद्य उचलल्यापासून पक्षी कापला जाईपर्यंत ८ ते १२ तास जावेत. यात लिफ्टिंग (पक्षी पकडून गाडीत भरणं), प्रवास आणि प्लांटच्या दारात गाडी उभी राहण्याचा वेळही धरायचा, आणि नेमका तोच सुटतो. नाशिककडच्या फार्मवर संध्याकाळी सहाला खाद्य उचललं, रात्री दहाला पक्षी भरले, कसारा घाटात गाडी रखडली, पहाटे चारला प्लांटवर पोहोचली आणि नंबर लागला सकाळी दहाला. झाले सोळा तास! एवढ्या वेळात आतड्याचं अस्तर सुटायला लागतं, आतडी हाताला नाजूक लागतात, पित्ताची पिशवी फुगलेली असते. पोट काढताना आतडं फाटलं की मांसावर विष्ठा, पित्त फुटलं की हिरवा डाग. मग तेवढा भाग कापून टाकावा लागतो. शिवाय उपाशी पक्ष्याचं वजन पहिल्या काही तासांनंतर ताशी पाव टक्क्याच्या आसपास घटत राहतं, ते वेगळंच.

उलट खाद्य उशिरा उचललं तर पोटात राहिलेल्या दाण्याचे पैसे तुम्ही फार्मच्या काट्यावर चिकनच्या दराने मोजलेले असतात.

निदान सोपं आहे. लॉटमधले दहा गिझार्ड (कोंबडीचं दाणे दळणारं पोट) कापून बघा. आत दाणे असतील तर खाद्य उशिरा बंद झालं. आत तूस असेल तर खाद्य वेळेवर उचललं, पण पक्षी पकडायला उशीर झाला आणि भुकेने त्यांनी शेडमध्ये खाली अंथरलेलं तूसच खाल्लं. आत हिरवट पाणी आणि आतडी तुटत असतील तर तास जास्त झाले. पाणी मात्र पकडायला सुरुवात होईपर्यंत सुरू ठेवायला फार्मरला सांगा. गाड्यांचा क्रमही कोण आधी आलं यावर न लावता कोणाचं खाद्य आधी उचललं यावर लावा. ड्रायव्हरच्या चलनावर ती वेळ लिहून घेतली की झालं, त्याला पैसा लागत नाही.

डागांचा दोष कोणाचा, यावर भांडत बसणं

छातीवर, पंखावर रक्त साकळलेले डाग दिसले की प्लांट फार्मकडे बोट दाखवतो आणि फार्म लिफ्टिंगच्या पोरांकडे. डागाचा रंगच याचं उत्तर देतो. ताजा लाल डाग काही मिनिटांपूर्वीचा असतो, म्हणजे क्रेट आपटणं किंवा शॅकलला (लाइनवरच्या पाय अडकवायच्या आकड्याला) टांगतानाची ओढाताण. गडद लाल-जांभळा डाग साधारण बारा तासांचा, तो पकडताना आणि भरताना पडलेला. हिरवट छटा आली असेल तर मार एक दिवसापेक्षा जुना, फार्मवरचा. लॉटनिहाय रंग मोजून ठेवा, बोलणी लगेच मुद्द्यावर येतात.

उतरवण्याच्या शेडबद्दलही बोलायला हवं. मे महिन्यात विदर्भ-खानदेशच्या कोरड्या उन्हात क्रेटवर पाणी मारून पंखे लावले की पक्षी तगतात. तळोजा-पनवेलच्या दमट हवेत नुसतं पाणी मारून पंखे बंद ठेवले तर तेच पाणी घातक ठरतं. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकून अंग थंड करते, आणि हवा ओलीचिंब असली की धापेचा उपयोग होत नाही. क्रेटमध्ये तडफडून मेलेला पक्षी हा पैशाचा तोटा आहेच, पण त्याआधी ते आपल्या ताब्यातल्या जिवाचे हाल आहेत. म्हणूनच गळा कापल्यावर रक्त वाहून जायला दोन ते तीन मिनिटं पूर्ण द्या. घाईत अर्धवट जिवंत पक्षी गरम पाण्यात जाता कामा नये. लालभडक त्वचेचा माल दिसला, तर असं काही घडत नाहीये ना हे आधी तपासा.

पिसं राहिली की पाणी तापवणं

ऑपरेटर लगेच स्कॅल्डरचं, म्हणजे पिसं सैल करायच्या गरम पाण्याच्या टाकीचं, तापमान वाढवतो. ते ६० अंशांच्या पुढे गेलं की छातीचं मांस वरून शिजल्यासारखं पांढरं पडतं आणि प्लकरमध्ये (पिसं उपटणाऱ्या मशीनमध्ये) त्वचा फाटते. त्याआधी प्लकरची रबरी बोटं बघा. कडक झालेली, चिरलेली किंवा गायब असतात.

क्लोरीन ओतत राहणं, पीएच न बघणं

बोअरवेलचं पाणी वापरणाऱ्यांनी हे नीट वाचावं. चिलरच्या पाण्यात जंतू मारण्याचं काम मुख्यतः हायपोक्लोरस आम्ल करतं. पाण्याचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा) ६ ते ७ असेल तर क्लोरीनचा मोठा भाग या रूपात असतो. साडेसातच्या आसपास तो निम्म्यावर येतो आणि पुढे झपाट्याने घटतो. आपल्याकडे बोअरच्या पाण्याचा पीएच अनेकदा ८ च्या जवळ असतो, वर हायपोक्लोराइट (क्लोरीनसाठी वापरतात ते द्रावण) टाकलं की तो आणखी चढतो. मग वास डोळ्यांना झोंबतो, कामगार खोकतात आणि जंतूंचा अहवाल तरीही खराब येतो. चिलरमध्ये रक्त-चरबी साचली असेल तर ती क्लोरीन आधीच खाऊन टाकते. म्हणून चिलरच्या आधी आतून-बाहेरून चांगली धुलाई हवी, चिलरमध्ये ताजं पाणी कोंबडीच्या उलट दिशेने वाहायला हवं, आणि मांसाच्या आतलं तापमान ४ अंशांवर आलं का हे थर्मामीटर खुपसूनच बघायचं.

बोनलेसची घाई

कापल्यावर तासाभरातच छातीचं मांस हाडावरून काढलं की ते आखडतं आणि शिजल्यावर चिवट लागतं. थंड करून किमान चार तास हाडासकट राहू द्या. हॉटेलवाल्याची 'माल कडक येतो' ही तक्रार बहुधा इथली असते. करी कटला, म्हणजे हाडासकट तुकड्यांना, हा त्रास नाही. सुरीला मात्र दिवसभर धार हवी. उरलेल्या सांगाड्यांपैकी दहा रोज खरवडून बघा. सांगाड्यामागे १५ ग्रॅम मांस राहत असेल तर ५,००० पक्ष्यांमागे ७५ किलो होतं.

श्रावणाची तयारी श्रावणात करणं

मागणी बसते, फार्मवर लिफ्टिंग थांबतं, पक्षी तिथेच वाढत राहतो. मग २ किलोसाठी लावलेल्या मशीनवर पावणेतीन किलोचा पक्षी येतो आणि आतडी फाटू लागतात. लॉटचं सरासरी वजन आदल्या दिवशीच मागवून प्लकरचं अंतर आणि पोट काढायच्या मशीनची उंची बदला. दुसरी चूक अधिक महाग पडते: तीन दिवस न विकलेला ताजा माल शेवटी फ्रीझरमध्ये टाकणं. गोठवल्याने जुना माल ताजा होत नाही. जो गोठवायचा, तो पहिल्याच दिवशी उणे ३५ अंशांच्या ब्लास्ट फ्रीझरमध्ये झटपट गोठवून मग उणे १८ च्या कोल्ड स्टोअरमध्ये न्या. गरम माल थेट स्टोअरमध्ये रचला तर तो सावकाश गोठतो, मांसात मोठे बर्फकण होतात आणि वितळताना रस वाहून जातो. कॉइलवरचा बर्फ, दारांच्या फाटक्या रबरपट्ट्या, शॅकलची साखळी यांच्या दुरुस्तीसाठी श्रावणातले दोन मोकळे दिवस आषाढातच ठरवून ठेवा, कारण गणपती विसर्जनानंतर ऑर्डरींचा जोर आला की लाइन थांबवता येत नाही.