मजकुरातून तारीख वाचताना या चुका टाळा

सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेल्या) फाईलमधली ०४/०५/२०२४ ही नोंद आपल्याला ४ मे दिसते. पायथनच्या पांडाज या तक्ते हाताळणाऱ्या लायब्ररीतलं टू_डेटटाइम हे तारीख वाचणारं फंक्शन तिला ५ एप्रिल समजतं, कारण वेगळं काही सांगितलं नाही तर ते महिना आधी धरतं. एरर येत नाही आणि त्या नोंदीची रक्कम मात्र भलत्याच महिन्यात जमा होते. तारखांच्या चुकांमध्ये सगळ्यात घातक हीच.

पांडाजच्या २.० आधीच्या आवृत्त्यांत प्रत्येक नोंदीचा अंदाज वेगळा लावला जायचा. त्यामुळे नुसत्या मे महिन्याच्या फाईलमधून ५ जानेवारी, ५ फेब्रुवारी, ५ मार्च अशा तारखा बाहेर पडायच्या आणि १३ मेपासून पुढच्या बरोबर यायच्या. एकाच महिन्याच्या फाईलमध्ये बारा महिने दिसले आणि परक्या महिन्यांत दिवसाचा आकडा सारखाच असला, तर दिवस-महिन्याची अदलाबदल झाली हे नक्की. २.० पासून पहिल्या नोंदीवरून पूर्ण रकान्याचं स्वरूप ठरतं आणि न जुळणाऱ्या नोंदीवर एरर येते. पण फाईलमध्ये १ ते १२ तारखांच्याच नोंदी असतील तर आजही काहीच कळत नाही. डेफर्स्ट (दिवस आधी धरायला सांगणारा पर्याय) चालू करणं हा पक्का उपाय नव्हे, ती सक्ती नसून फक्त पसंती आहे. तारखेचं स्वरूप फॉरमॅट या पर्यायात स्वतः लिहून द्या.

एरर दिसू नये म्हणून टू_डेटटाइमला कोअर्स हा पर्याय लावण्याची सवय फार पसरली आहे. त्याने न वाचता आलेल्या नोंदी मुकाट्याने रिकाम्या होतात. लावायचंच असेल तर रूपांतराच्या आधी आणि नंतर रिकाम्या नोंदी मोजा. आकडा वाढला तर त्या ओळींचा मूळ मजकूर छापून बघा.

फॉरमॅटच्या अक्षरांत लहान-मोठं सांभाळा. पायथनमध्ये लहान एम म्हणजे महिना, मोठा एम म्हणजे मिनिटं. ‘०९:३० पीएम’ वाचताना तासासाठी मोठा एच दिला तर पीएमचा काहीही परिणाम होत नाही आणि वेळ सकाळची साडेनऊ राहते. तिथे मोठा आय हवा. लहान वाय दोन अंकी वर्षासाठी असतो: ६९ ते ९९ म्हणजे १९६९ ते १९९९, आणि ०० ते ६८ म्हणजे २००० ते २०६८. म्हणून १५/०८/६२ ही जन्मतारीख २०६२ मध्ये जाते. जन्मतारीख भविष्यातली निघाली तर शंभर वर्षं वजा करा.

पायथनच्या स्ट्रपटाइम या तारीख वाचणाऱ्या फंक्शनने ‘अनकन्व्हर्टेड डेटा रिमेन्स’ अशी एरर दिली तर फॉरमॅट संपूनही मजकूर उरला आहे. बहुतेकदा ती शेवटची रिकामी जागा किंवा तारखेला चिकटलेली वेळ असते. देवनागरी अंक असतील तर आधी ते इंग्रजी अंकांत बदलून घ्या.

तारखेच्या जागी ४५००० सारखी संख्या दिसली तर तो एक्सेलचा दिवस-क्रमांक आहे. ती तशीच दिली तर पांडाज तिला नॅनोसेकंद समजतं आणि सगळ्या तारखा १ जानेवारी १९७० होतात. एकक दिवस आणि आरंभ ३० डिसेंबर १८९९ दिला की ४५००० म्हणजे १५ मार्च २०२३ हे बरोबर उत्तर मिळतं.

जावामधल्या डेटटाइमफॉरमॅटर या तारीख वाचणाऱ्या साधनाला स्वरूप आपण लिहून दिलं, तर तो ३० फेब्रुवारी नाकारत नाही, गुपचूप महिन्याच्या शेवटच्या दिवसावर आणून ठेवतो. रिझॉल्व्हर स्टाइल (तारीख किती काटेकोर तपासायची ते ठरवणारी सेटिंग) स्ट्रिक्ट करा आणि वर्षासाठी वायऐवजी यू वापरा, नाहीतर चांगल्या तारखाही नाकारल्या जातील.

वेळेच्या पट्ट्याची (टाइमझोनची) चूक भारतात बसून सापडणं अवघड. जावास्क्रिप्ट २०२४-०५-०४ अशी नुसती तारीख यूटीसी, म्हणजे भारताच्या साडेपाच तास मागे असलेली जागतिक प्रमाणवेळ, धरतं. आपल्याकडे ती ४ मे, पहाटे साडेपाच दिसते. दिवस बरोबर, म्हणून कोणी तपासत नाही. तेच पान न्यू जर्सीत उघडलं की ३ मे दिसते. चाचणी करताना संगणकाचा पट्टा अमेरिकेचा करून बघा. उलट बाजूनेही गोंधळ होतो: १ एप्रिलच्या पहाटे २ वाजताचं बिल यूटीसीत ३१ मार्च, रात्री साडेआठचं असतं, म्हणजे आर्थिक वर्षच बदलतं. साठवताना यूटीसी चालेल, पण अहवालासाठी दिवस काढण्याआधी एशिया/कोलकाता या भारतीय पट्ट्यात रूपांतर करा. भारतीय वेळेसाठी आयएसटी हे संक्षिप्त रूप वापरू नका, ते आयर्लंड आणि इस्रायलच्या वेळेसाठीही चालतं.